खिशातला घडीचा चाकू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एसटीत शेजारच्याला पेरूची फोड कापून दिली की तो आधी फोड खातो, मग चाकूकडे पाहतो आणि मग विचारायला लागतो. नातेवाईक असोत, सोसायटीतले असोत की ऑफिसातली तरुण मुलं, प्रश्न थोड्याफार फरकाने तेच. वीस वर्षांत दिलेली उत्तरं इथे लिहून ठेवतो आहे. त्यातली काही मागाहून चुकीची निघाली, ती दुरुस्त करून घेतली आहेत.

खिशात चाकू कशाला? घरात सुरी असते की.

सुरी घरात असते आणि पेरू घराबाहेर. कुरिअरच्या खोक्याची चिकटपट्टी, पोत्याची सुतळी, हाराचा दोरा, पेन्सिलीचं टोक, फरसाणाच्या पाकिटाचा न फाटणारा कोपरा अशा ठिकाणी आपण दात, नखं नाहीतर किल्ली वापरतो. तिथे हा लागतो.

ही हौस नवी नाही. बोरूने लिहायच्या काळात कारकुनाजवळ बोरू तासायला छोटा चाकू असायचाच. त्याला कलमतराश असा फारसी वळणाचा शब्द होता. तिकडे युरोपात पिसाची लेखणी तासायच्या चाकूला पेननाइफ म्हणत. लेखणी गेली, नाव राहिलं. पान खाणाऱ्याच्या चंचीत अडकित्ता आणि कोकणातल्या गड्याच्या कमरेला आकडीत अडकवलेला कोयता, हेही त्याच घराण्यातले. रोजच्या कामाचं पातं अंगावर बाळगणं आपल्याला अजिबात अनोळखी नाही. विसरलो आहोत, इतकंच.

‘पारंपरिक’ म्हणजे नेमका कोणता?

ढोबळ मानाने तीन जाती.

पहिली पट्टीची. मुठीच्या पाठीत पोलादाची एक लवचीक पट्टी बसवलेली असते आणि पात्याचं बूड तिच्यावर दाबून असतं. उघडताना बूड फिरतं, पट्टी किंचित उचलली जाते आणि पातं सरळ झालं की खट् करून खाली बसते. पातं जागेवर राहतं ते केवळ या दाबामुळे. कुलूप कुठेच नाही. पात्याच्या पाठीवर जोर दिला तर ते मिटतं, आणि मिटताना बोटं मध्ये असतील तर त्यांची गय करत नाही. याला स्लिपजॉइंट म्हणतात. इंग्लंडमधल्या शेफील्डचे जुने चाकू, स्वित्झर्लंडचा लाल चाकू, फ्रान्सचा लायोल हे सगळे याच जातीचे.

दुसरी जात बिनपट्टीची. जपानचा हिगोनोकामी हा तिचा नमुना. ह्योगो प्रांतातल्या मिकी या लोहारकामाच्या गावात तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जन्मला. मूठ म्हणजे पत्र्याची घडी, पात्याच्या बुडाला एक छोटी शेपटी. उघडल्यावर ती शेपटी मुठीच्या पाठीवर येते आणि अंगठ्याने दाबून धरायची. अंगठा आहे तोवर पातं मिटत नाही. याहून साधी रचना मी पाहिलेली नाही.

तिसरी कड्याची. फ्रान्सच्या सावोया भागात जोसेफ ओपिनेल याने १८९० मध्ये लाकडी मुठीचा शेतकरी चाकू बनवला. १९५५ मध्ये त्याच्या मानेवर फिरणारं पोलादी कडं आलं. कडं फिरवलं की पातं पक्कं. १९०९ पासून पात्यावर मुकुट आणि आशीर्वादाचा हात अशी खूण असते.

अंगठ्याच्या झटक्यात उघडणारे, काळ्या पात्याचे, पट्ट्याला क्लिप लावायचे चाकूही चांगले असतात. माझा त्यांच्याशी वाद नाही, पण या पानाचा तो विषय नाही.

म्हणजे रामपुरीच ना?

नाही. हा प्रश्न प्रत्येक लग्नात कोणीतरी काका विचारतातच. उत्तर प्रदेशातलं रामपूर नवाबी काळापासून चाकूंसाठी प्रसिद्ध आहे. तिथला लांब पात्याचा, खटक्याचा चाकू हिंदी सिनेमातल्या गुंडांनी इतका मिरवला की कारागिरी बाजूला पडली आणि बदनामी तेवढी उरली. २०२३ मध्ये त्या शहराने एका चौकात सुमारे २० फुटी चाकू उभारला, म्हणजे स्वतःच्या ओळखीबद्दल त्यांना लाज वाटत नाही हे उघड आहे. कारागिरीसाठी मला रामपूरबद्दल आदर आहे. पण पेरू कापायला आणि चारचौघांत काढायला तो चाकू चुकीचा.

हा बाळगणं कायद्यात बसतं का?

१९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत धारदार शस्त्रांसाठी जी मर्यादा आहे ती ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची, आणि त्यातूनही घरगुती व शेतीच्या वापरासाठी बनवलेली अवजारं वगळलेली आहेत. खिशातल्या चाकूचं पातं अडीच-तीन इंचांचं असतं. इथवर काळजी नाही.

पण महाराष्ट्रात दुसरीही बाजू आहे. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली पोलीस ठरावीक दिवसांसाठी मनाई आदेश काढतात. सण, निवडणुका, मोर्चे अशा वेळी वर्तमानपत्रात त्याची चार ओळींची बातमी असते. त्या कलमात तलवारी-भाल्यांच्या पंक्तीत चाकू आणि लाठ्याकाठ्याही आहेत. आदेश लागू असताना ‘साहेब, पेरूसाठी आहे’ हे सांगत बसण्यापेक्षा चाकू घरी ठेवलेला बरा. कोर्ट, मंत्रालय, मेट्रो, मोठी देवस्थानं, मॉल, जिथे जिथे बॅग यंत्रातून जाते तिथे न नेणं शहाणपणाचं.

विमानात केबिनच्या बॅगेत अजिबात नाही. चेक-इनच्या सामानात टाकायचा. हे मला तोंडपाठ होतं, तरीही एकदा पहाटेच्या विमानाला जाताना किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवलेला बोटभर चाकू विसरलो आणि तो तपासणीच्या टेबलावरच्या प्लास्टिकच्या डब्यात टाकून आलो. डब्यात आधीच बरेच होते, तेवढाच दिलासा.

मुलगा लंडनला आहे. त्याला पाठवला तर?

ब्रिटनमध्ये सबळ कारणाशिवाय बाळगता येतो तो फक्त मिटणारा, कुलूप नसलेला आणि कापणारी धार ३ इंचांपेक्षा जास्त नसलेला चाकू. १९८८ च्या तिथल्या कायद्यात तसं कलम आहे. म्हणजे स्विस लाल चाकूची नेहमीची, मिटल्यावर ९१ मिलिमीटर भरणारी साधी मॉडेलं चालतात. कड्याचा ओपिनेल चालत नाही, पातं कितीही छोटं असो, कारण कडं हे कुलूप धरलं जातं. प्रत्येक देशाची तऱ्हा वेगळी. पाठवण्यापूर्वी मुलालाच तिथले नियम पाहायला सांगा.

पहिला चाकू कोणता घेऊ?

मन स्थिर नसेल तर स्विस. कार्ल एल्सनर याने १८८४ मध्ये श्वित्झ प्रांतातल्या इबाख गावी कारखाना काढला, १८९१ मध्ये स्विस सैन्याला पहिले चाकू पुरवले आणि १८९७ मध्ये आज आपण ओळखतो त्या अधिकाऱ्यांच्या चाकूची नोंदणी केली. आईचं नाव व्हिक्टोरिया. तिच्या मृत्यूनंतर तेच कारखान्याला दिलं आणि १९२१ मध्ये स्टेनलेस पोलादाचं ‘इनॉक्स’ त्याला जोडलं गेलं. व्हिक्टोरिनॉक्स. पात्याचं पोलाद जरा मऊ आहे, धार लवकर जाते आणि तितकीच लवकर परत येते. नवशिक्याला हेच हवं. फक्त हत्यारांची संख्या बघून भुलू नका. दोन पाती, डबा उघडायचं, स्क्रू पिळायचं, बस. पंधरा हत्यारांचा चाकू खिशात विटेसारखा लागतो आणि आठवड्यात ड्रॉवरमध्ये जातो.

लाकूड आणि साधं पोलाद आवडत असेल तर ओपिनेल ८ नंबर. पातं साडेआठ सेंटिमीटर, मूठ बीच लाकडाची, वजन नावाला. माझ्या मते कापण्याच्या कामात याची बरोबरी करणारे महागडे चाकू फार थोडे आहेत, कारण पातं पातळ आहे. आंबा, कलिंगड, ब्रेड हे सगळं पातळ पात्याचं काम.

लायोल देखणा आहे, मुठीवर ती प्रसिद्ध माशी असते. पण लायोल हे फ्रान्समधल्या गावाचं नाव, एका कारखान्याची मालकी असलेला छाप नव्हे. त्यामुळे त्या नावाखाली अप्रतिम चाकूही मिळतात आणि जत्रेतला मालही. ऑनलाइन फार स्वस्त दिसला तर तो दुसरा.

आणि एक जवळचा पर्याय, जो कोणी सुचवत नाही: कृषी सेवा केंद्रात मिळणारा कलम बांधण्याचा मिटता चाकू. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकणात रुजवलेलं आंब्याचं कोय कलम असो, की नाशिककडे डॉगरीज या जातीच्या खुंटावर भरलेली द्राक्षाची काडी, काप एका फटक्यात आरशासारखा झाला तरच कलम धरतं. तिथला चाकू कामचलाऊ असून चालतच नाही. मात्र बऱ्याच कलम-चाकूंची धार एकाच बाजूला असते. दोन्हीकडून घासलीत तर बिघडवाल.

कार्बन की स्टेनलेस?

विळी आठवा. जुन्या विळीचं लोखंडी पातं काळपट असायचं, धुऊन तसंच ठेवलं तर गंजायचं, पण त्यावर कांदा लोण्यासारखा चिरला जायचा. नवी स्टेनलेसची विळी चकाकते आणि टोमॅटोला रेटते. चाकूंचं साधारण तेच. क्रोमियम पुरेसं मिसळलं, निदान १०.५ टक्के, चाकूंसाठी सहसा १३ च्या आसपास, की पोलाद गंजाला दाद देत नाही. साधं कार्बनी पोलाद गंजतं, पण दगडावर पटकन वठणीवर येतं आणि त्याला फार बारीक धार धरते. तंत्र पुढे गेल्यामुळे आता चांगलं स्टेनलेसही उत्तम कापतं, तेव्हा यात धर्मयुद्ध नको. मुंबई, रत्नागिरी, पणजी अशा खाऱ्या दमट हवेत राहत असाल आणि चाकू पुसायचा कंटाळा असेल, तर निमूट स्टेनलेस घ्या.

नव्या पात्यावर दुसऱ्याच दिवशी निळे-काळे डाग पडले. फसलो का?

काय कापलंत? कैरी? मग काहीच बिघडलेलं नाही. आंबट फळ लागलं की कार्बनी पोलादावर काळसर थर येतो. केळफूल, वांगं, कच्चं केळं यांतला तुरटपणाही लोखंडाशी मिळून काळा रंग देतो. हिरडा आणि लोखंड एकत्र करून पूर्वी काळी शाई आणि रंग करत, तीच ही क्रिया; तुमच्या पात्यावर शाई तयार झाली आहे. हा काळा थर पात्याला थोडंफार गंजापासून वाचवतो. वर्षभरात निळा, करडा, जांभळट असे ढग जमतात आणि दोन माणसांचे चाकू कधीच सारखे दिसत नाहीत. ते घासून काढणाऱ्यांचं मला वाईट वाटतं.

काळजी करायची ती लाल-नारिंगी रंगाची. बोटाला रंग लागला, नखाला खरखर लागली, तर तो गंज.

मग गंज काढायचा कसा?

थेंबभर तेल, अगदी बारीक स्टील वूल किंवा चुरगाळलेली अॅल्युमिनियमची फॉइल, आणि पात्याच्या लांबीच्या दिशेने हलका हात. निघेल. चिंच, लिंबू, व्हिनेगर यांत बुडवून ठेवायचे सल्ले फिरत असतात. पितळेच्या समईला ते ठीक आहे, पण रात्रभर आंबटात राहिलेलं पातं सकाळी खडबडीत निघतं आणि सांध्यात अॅसिड शिरतं ते वेगळंच. खोल खड्डे पडले असतील तर ते राहू द्या. ते काढायला जाल तर पातंच अर्धं जाईल.

धार मला लावता येईल का?

येईल. पोळी लाटण्याइतकंच हे कसब आहे: पहिली दहा नकाशे, मग गोल.

दगड लागेल. जुनी माणसं त्याला निसणा म्हणायची. हार्डवेअरच्या दुकानात दुतोंडी दगड मिळतो, एक बाजू भरड, दुसरी बारीक. खिशातल्या चाकूला निदान १००० ग्रिटची (ग्रिट म्हणजे दगडाच्या बारीकपणाचा आकडा) बारीक बाजू असावी. (कुरुंद हा आपल्याकडे धारेसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेलेला खनिज. इंग्रजीतलं कोरंडम हे नाव इथल्याच भाषांमधून गेलं.) दगड ओल्या फडक्यावर ठेवा, म्हणजे सरकत नाही.

कोन हा सगळा खेळ. प्रत्येक बाजूला १५ ते २० अंश. कंपास काढू नका: पातं २० मिलिमीटर रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून साधारण ५ मिलिमीटर उचलली की १५ अंश झाले. दहा रुपयांची तीन नाणी एकावर एक ठेवून ती उंची एकदा डोळ्यात भरून घ्या. मग दगडावरून पातळ पापुद्रा सोलून काढायचा आहे अशा थाटात धारेकडून पुढे सरकवा. टोकाकडे येताना मूठ किंचित उचलायची, नाहीतर टोक बोथट राहतं.

किती वेळा, हे मोजायचं नाही. एका बाजूने घासत राहिलात की दुसऱ्या बाजूला धारेवर एक अतिसूक्ष्म काठ वळतो. कारखान्यातले लोक त्याला बर म्हणतात. अंगठ्याने पाठीकडून धारेकडे, आडवं चाचपून पाहिलं की लागतो. बुडापासून टोकापर्यंत सलग लागला की बाजू बदला. बहुतेकांची धार लागत नाही ती इथे: काठ वळायच्या आत कंटाळून बाजू बदलतात आणि तासभर नुसता दगड झिजवतात. दोन्ही बाजूंनी काठ आला की दाब कमी करत करत आलटून पालटून दोन-चार हलके हात. शेवटी चामड्यावर, धार मागे आणि पाठ पुढे असं ओढा, जुन्या सलूनमध्ये वस्तरा पट्ट्यावर ओढायचे तसं. जुना कमरेचा पट्टा चालतो, आतली बाजू.

तपासायला वर्तमानपत्राचा कागद पुरे. अंगावरचे केस कापून दाखवायची काही गरज नाही. हाताला टक्कल पाडून घेतलेले चाकूप्रेमी लांबून ओळखू येतात.

प्रवासात दगड नसेल तर चिनीमातीचा कप उलटा करा. बुडाची बिनचकाकीची कड कामचलाऊ धार देते.

दारावर येणाऱ्या धारवाल्याकडे दिला तर?

विळी द्या, कात्री द्या, सुरीही द्या. शिकलगार हे आडनावच मुळी हत्यारांना धार आणि जिल्हई करण्याच्या धंद्यावरून आलं आहे. या कामातली पिढीजात माणसं आपल्याकडे आहेत आणि सायकलवरचं चाक फिरवणाऱ्याचा हात अनेकदा कमालीचा असतो.

पण खिशातल्या चाकूचं पातं कागदासारखं पातळ. पाणी दिलेलं पोलाद, म्हणजे लाल तापवून विझवून कडक केलेलं, नंतर पुन्हा साधारण २०० अंशांना हलकं तापवून त्याचा ठिसूळपणा घालवतात. त्याच्यावर उष्णता गेली की कडकपणाच निघून जातो, पाणी उतरतं. कोरड्या विजेच्या चाकावर पातळ टोकाला हे व्हायला एक-दोन क्षण पुरतात. माझ्या आजोबांच्या चाकूचं टोक असंच एका दुकानात निळं होऊन परत आलं. निळा रंग म्हणजे ३०० अंशांच्या आसपास पोचलं होतं. चूक माझी, मीच ‘झटपट करून द्या’ म्हणालो होतो. तेवढं टोक शेवटी दगडावर झिजवून टाकावं लागलं.

पावसाळ्यात ओपिनेल उघडतच नाही.

पावसाळ्यातल्या दारासारखं झालं आहे, लाकूड फुगलंय. सावोयाच्या लोकांनाही हा त्रास होतो आणि त्यांनी त्यावर युक्ती काढली आहे, तिला नावच ‘सावोयाकराचा ठोका’ अशा अर्थाचं आहे. कडं उघड्या बाजूला फिरवा, मूठ धरा आणि तिचं मागचं गोल टोक टेबलाच्या कडेवर एकदा ठकदिशी आपटा. पातं स्वतःच्या वजनाने जरासं बाहेर डोकावतं, मग नखाने ओढायचं. पकडीने ओढू नका, एकदा तरी ती सटकतेच.

कायमचा उपाय उन्हाळ्यातच करायचा असतो. मे महिन्यात लाकूड पूर्ण सुकलेलं असताना सांध्यापाशी आणि फटीच्या आत जवसाचं तेल मुरवा, दोन दिवस वाळू द्या, पुन्हा मुरवा. फार घट्ट असेल तर फटीत पॉलिश पेपर घालून आतून थोडं घासा. थोडंच, डिसेंबरमध्ये लाकूड आटतं आणि पातं लडबडायला लागतं. आत्ता लगेच हवं असेल तर तांदळाच्या डब्यात दोन दिवस ठेवून पाहा.

सांध्यात कोणतं तेल घालू? खोबरेल चालेल ना?

मी वर्षभर खोबरेल घातलं आणि पुण्याच्या जानेवारीत सकाळी चाकू उघडेना. खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतं, हे केसांच्या बाटलीत रोज दिसत असूनही डोक्यात आलं नाही. गोडेतेल महिन्याभरात चिकट होतं, जवसाचं तर वाळून रोगणासारखं बसतं; लाकडाला ते हवं असतं, सांध्याला नाही. शिलाई मशीनचं तेल, एक थेंब. पात्याने फळं कापत असाल तर मेडिकलमध्ये मिळणारं लिक्विड पॅराफिन पात्याला आणि सांध्याला दोन्हीकडे चालतं, खवट होत नाही.

थेंब टाकायच्या आधी सांधा साफ करा. खिशातला कापूस, तंबाखूची चुरी, फळाचा रस हे सगळं पट्टीच्या तळाशी दडपून बसतं. कोमट पाण्यात साबण, जुना टूथब्रश, मग दातकोरणं. पूर्ण कोरडा होईपर्यंत उघडाच ठेवा. भांडी धुण्याच्या मशीनमध्ये टाकू नका.

मूठ शिंगाची आहे. काही वेगळं?

म्हशीच्या शिंगाची असेल तर उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. तडकते, वाकडी होते. महिन्यातून एकदा तेलाचं बोट. कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिली तर कसर लागते, लोकरीला लागते तशीच.

विकणारा ‘सांबरशिंग आहे, जुना माल आहे’ म्हणाला तर हात आखडता घ्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सांबराच्या शिंगाचा आणि हस्तिदंताचा व्यापार गुन्हा आहे, शिंग आपोआप गळून पडलेलं असलं तरी.

आजोबांच्या ट्रंकेत एक सापडला. पॉलिश करून चकाचक करू?

थांबा. आधी बुडाजवळचा शिक्का भिंगातून पाहा. आपल्याकडच्या जुन्या घरांत शेफील्डचे चाकू बरेच निघतात. तारा आणि माल्टाचा क्रूस अशी जोडखूण असेल तर तो जोसेफ रॉजर्स अँड सन्सचा. ती खूण तिथे १६८२ मध्ये नोंदली गेली. गावाच्या नावाबरोबर ‘इंग्लंड’ असा शब्द असेल तर चाकू बहुधा १८९१ नंतरचा, कारण त्या सुमारास अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं आणि कारखाने सरसकट तसा शिक्का मारू लागले. बफिंगच्या चाकावर धरलात की हा सगळा मजकूर दोन मिनिटांत सपाट. मग तो निव्वळ एक जुना चकाकता चाकू.

करायचं ते एवढंच: लाल गंज तेलाने हलका काढा, सांधा सोडवा, धार लावा आणि वापरा. सांधा घट्ट असेल तर तेल टाकून दोन दिवस धीर धरा. जोर लावलात तर नखाची खाच तुटेल किंवा नख.

साठवताना चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि पातं आतल्या आत खातं. सुती कापडात गुंडाळा, सिलिका जेलची पुडी टाका. आणि मूठ जुन्या सेल्युलॉइडची (जुन्या काळचं प्लास्टिक) असेल, रंगीत, कासवाच्या पाठीसारखी, तर इतर चाकूंपासून दूर. ते सडायला लागलं की त्यातून निघणारी आम्लाची वाफ शेजारच्या पात्यांनाही गंजवते.

यानं काय करू नये?

स्क्रू पिळणं, रंगाचा डबा उचकटणं, खिळा उपसणं, नारळ. शेवटचं खास लिहावं लागतं आहे.

मुलांच्या हाती कधी द्यावा?

जपानमध्ये हिगोनोकामी हा शाळकरी पोरांचा पेन्सिली तासायचा चाकू होता. १९६० मध्ये समाजवादी नेते असानुमा यांची एका सतरा वर्षांच्या मुलाने भर सभेत आखूड तलवारीने हत्या केली. त्यानंतर मुलांच्या हाती पाती न देण्याची चळवळ देशभर पसरली आणि गुन्हा तलवारीचा असूनही दप्तरातला चाकू गेला. मिकीतल्या बहुतेक भट्ट्या हळूहळू विझल्या. आज त्या नावाचा हक्क असलेला एकच कारखाना उरला आहे.

मी माझ्या भाचीला नवव्या वर्षी दिला. अटी तीन: बसूनच वापरायचा, आपल्यापासून लांब कापायचं, आणि कोणाला दाखवायला शाळेत न्यायचा नाही. पहिल्या आठवड्यात बोट कापलं, खोल नव्हतं. वाहत्या पाण्याखाली धरलं, दाबून ठेवलं, टीटी झालं होतं का ते बघितलं. तिची आई माझ्याशी महिनाभर बोलली नाही. भाची आता पेन्सिली माझ्यापेक्षा चांगल्या तासते.

चाकू भेट देऊ नये म्हणतात. हातातही देऊ नये म्हणतात.

भेटीने नातं तुटतं हा समज युरोपातही आहे. तिथे घेणारा एक नाणं परत देतो, म्हणजे व्यवहार झाला, भेट नाही. माझ्याकडून चाकू घेणाऱ्याकडून मी एक रुपया घेतो; आतापर्यंत अकरा रुपये जमले आहेत आणि अकराही जण बोलतात. हातात न देता खाली ठेवून उचलायला लावणं मात्र मी पाळतो. उघड्या पात्याची देवाणघेवाण होताना मूठ कोणी सोडली आणि कोणी धरली याचा घोटाळा होतोच.

उलट आपल्याकडे लोखंडाच्या पात्याला राखणदाराचाही मान आहे. बाळंतिणीच्या उशाखाली सुरी ठेवतात, हळद लागलेल्या नवरदेवाच्या हाती लिंबू टोचलेली कट्यार असते. खंडेनवमीला मीही माझे चार चाकू पाटावर मांडतो. फक्त त्याच संध्याकाळी हळद-कुंकू पुसून तेलाचा हात फिरवतो. ओलं कुंकू रात्रभर राहिलं की कार्बनी पात्यावर त्याच आकाराचा गंज उमटतो. एकावर तो टिळा अजून आहे.

झिजून झिजून पातं काडीएवढं उरलंय. टाकून देऊ?

पट्टी दाब धरते का? पातं डावी-उजवीकडे लडबडत नाही ना? मग कशाला टाकता. मिटल्यावर टोक मुठीबाहेर डोकावत असेल तेवढं मात्र दगडावर घासून आत घ्या, नाहीतर खिसा फाटेल. आजोबांच्या चाकूचं पातं माझ्याकडे आलं तेव्हाच करंगळीएवढं होतं, त्या निळ्या टोकाच्या प्रकारानंतर आणखी आखूड झालं. आता ते लसूण सोलायला बरोबर मापाचं आहे असं आईचं म्हणणं आहे. गेल्या दिवाळीपासून तो स्वयंपाकघरात आहे आणि मागितला तरी मिळत नाही.